पुस्तकात चुकणारा मोठा माणूस हवा

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते आणि खिडकीत कूलर घोंघावत असतो. इथल्या पोरांना वर्षातला सगळ्यात लांब मोकळा वेळ मिळतो तो असा, उन्हाच्या कृपेनं. आईबापांना पुस्तकांची आठवण येते तीही याच दिवसांत. मग कुणीतरी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जातं, दुकानदाराला म्हणतं, "नववीतल्या पोरासाठी काही चांगलं द्या ना," आणि दुकानदाराचा हात सवयीनं दोनच कप्प्यांकडे जातो. एकात सातसातशे पानांच्या पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्या, दुसऱ्यात यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं. पहिलं पुस्तक जाडी बघूनच राहतं, दुसरं पंधराव्या पानावर पालथं पडतं. "आजकालची पोरं वाचतच नाही बा" हे वाक्य तर तयारच असतं.

दुकानदाराची यात चूक फार थोडी. प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. 'मुलासाठी' मागितलं की मुलाला देण्याचं पुस्तक मिळतं, आणि १३ ते १८ या वयात पोरं मोठ्यांनी दिलेल्या वस्तूंकडे जरा संशयानंच पाहतात. स्वतः न वाचलेलं पुस्तक पोराच्या हातात ठेवणारा पालक म्हणजे स्वतः पानावर न बसता नुसता वाढत फिरणारा यजमान. त्याच्याशी चवीबद्दल कोण बोलणार? तेव्हा दुकानात किंवा वाचनालयात विचारायचं ते असं: आम्हा दोघांनाही वाचता येईल असं काय आहे?

हा प्रश्न विचारला की निवड एकदम बदलते. नुसतं बोधप्रद गळतं, नुसतं बालिशही गळतं. जे उरतं त्याला माझ्या मते एक साधी कसोटी लावावी. त्या पुस्तकात निदान एक मोठा माणूस चुकणारा असावा. तो खलनायक नको. चांगला, कष्टाळू, माया करणारा, आणि तरीही कुठेतरी चुकणारा हवा. असा माणूस पुस्तकात असला की पोराला त्याच्यावर बोट ठेवता येतं, कारण ते बोट घरातल्या माणसावर नसतं. बापालाही त्याची बाजू घेता येते, कारण ती उघडपणे स्वतःची बाजू नसते.

या कसोटीवर आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक अडखळतं, हे सांगायला जरा धाडस लागतं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आठ ते अकरा या वयात, आईनं किंवा आजीनं मोठ्यानं वाचून दाखवावी. त्या वयाला ती पोचते. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा हातात दिली तर घोटाळा होतो. त्यातली आई जवळपास प्रत्येक वेळी बरोबर असते, आणि चौदा वर्षांच्या पोराला पानापानातून स्वतःच्याच घरातला आवाज ऐकू येतो. गंमत अशी की हेच पुस्तक आईबापांनी चाळिशीत पुन्हा उघडावं. लहानपणी लक्षात राहिलेले संस्कार मागे सरतात आणि कर्ज पुढे येतं. वडिलांचं देणं, सावकाराचा माणूस दाराशी, आईचा त्या दारात होणारा अपमान. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हे पुस्तक वेगळंच दिसतं. पोरानं ते लहानपणी ऐकावं आणि पालकानं उशिरा वाचावं, एवढंच.

कसोटीला सगळ्यात पक्कं उतरणारं पुस्तक कोणतं म्हणाल, तर 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ इंग्रजी कादंबरी १९३८ ची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मराठी अनुवाद राम पटवर्धनांचा. फ्लोरिडाच्या रानात एकाकी शेत, आई, बाप आणि जेमतेम बारा वर्षांचा मुलगा. बापाला साप चावतो, विष उतरवायला म्हणून तो समोर दिसलेली हरिणी मारतो, आणि तिचं पाडस पोरकं होतं. मुलगा ते घरी आणतो, बापच परवानगी देतो. पाडस वाढतं आणि घराचं वर्षभराचं पीक खाऊ लागतं. पुढे बापाला जे सांगावं लागतं आणि मुलाला जे करावं लागतं, त्यावर घरात दोन दिवस बोलणं चालतं, कारण चूक नेमकी कुणाची याचं उत्तर पुस्तक देत नाही. काटोल-उमरेडकडे ज्यांचं शेत आहे, ज्यांनी रोह्यांनी (नीलगायींनी) आणि रानडुकरांनी रात्रीत साफ केलेलं हरभऱ्याचं वावर पाहिलंय, त्यांना फ्लोरिडा समजावून सांगावं लागत नाही. अडचण आहे ती सुरुवातीची. पहिली साठेक पानं संथ आहेत. झाडं, झरे, अस्वलाचा माग. पोराला आधीच सांगून ठेवा की साठ पानं धीर धर. हे न सांगितल्यामुळे पुष्कळ घरांत 'पाडस' तिसाव्या पानावरच मरतं.

दुसरं असंच पुस्तक आनंद यादवांचं 'झोंबी', १९८७ चं. बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात राबवतो आणि पोर शाळेसाठी झगडतं. इथला बाप 'पाडस'मधल्या बापाइतका मवाळ नाही. वाचताना त्याचा राग येतो, यावा. पण त्या रागाच्या आड मळ्याचं गणित आहे: माणसं किती, पाणी किती, एक हात कमी झाला तर मोट कुणी हाकायची. हे गणित पालकानं पोरासमोर मांडावं, बापाचं समर्थन म्हणून मात्र नको. पुस्तक जाड आहे. सगळं एकदम झेपणार नसेल तर पहिला एक-तृतीयांश भाग वाचून थांबलं तरी चालतं. आत्मकथनात कादंबरीसारखा शेवट गाठायची सक्ती नसते.

आणि इथलीच, आपल्या विदर्भातली एक जोडी. साधनाताई आमटे यांचं 'समिधा' आणि प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. एक आईनं लिहिलेलं, एक मुलानं. वरोऱ्याचं आनंदवन पहिल्यात, भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, जिथं १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, ते दुसऱ्यात. रूढ पद्धत अशी की पोराच्या हातात 'प्रकाशवाटा' द्यायचं आणि वर म्हणायचं, "बघ, माणसं कशी असतात, नाहीतर तू." झालं, पुस्तक मेलं. उलट करून पाहा. पोरानं 'समिधा' वाचावं आणि आईबापांनी 'प्रकाशवाटा'. मुलाला कळतं की ध्येयवादी घरातली आई कुठे दमते, कुठे एकटी पडते, कशावर चिडते. आईबापांना कळतं की थोर माणसाच्या पोटी जन्मलेल्या मुलाला आपली वाट आपली म्हणून कशी निवडावी लागते. पंधरा दिवसांनी पुस्तकं बदलायची.

अशीच अदलाबदल 'मृत्युंजय'ची करता येते. दुकानदार ते काढून देणारच आहे, तर वाया का घालवा? शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. योगायोग असा की इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही त्याच वर्षीचं. एकात कर्ण सूर्यासारखा तळपतो, दुसऱ्यात महाभारताच्या मूळ संहितेवर बोट ठेवून तोच कर्ण तपासला जातो आणि कुठे कमी पडला ते थंड डोक्यानं सांगितलं जातं. 'मृत्युंजय' वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून येतं, म्हणून ते वाटूनही घेता येतं. कुंतीचं कथन आईनं आधी वाचावं, कर्णाचं पोरानं. त्यानंतर दोघांनी 'युगान्त'मधला कर्णावरचा एकच लेख वाचायचा. पोर चिडेल. चिडू द्या, पुरावा म्हणजे काय आणि कादंबरी म्हणजे काय, हा फरक त्या चिडण्यातून जितका कळतो तितका शाळेच्या धड्यातून कळत नाही.

आता मोजमापाकडे येऊ, कारण पुष्कळशी चांगली पुस्तकं आशयापेक्षा हिशेबात फसतात.

नागपुरात आज इंग्रजी माध्यमाची पोरं मराठी बोलतात भराभर, वाचतात मात्र अडखळत. त्यात लाज नाही, फक्त ते गृहीत धरायला हवं. मोबाइलवर घड्याळ लावा आणि पोराला पुस्तकातलं मधलं एखादं पान मनात वाचायला सांगा, साधारण ४० ते ५० मधलं. पहिलं पान नको, लेखक पहिलं पान सजवून लिहितात. एका पानाला दोन मिनिटं लागली तर १५० पानांचं पुस्तक पाच तासांत होतं, रोज २० मिनिटं धरली तर पंधरा दिवस. चार मिनिटं लागली तर दहा तास, म्हणजे तीस दिवस. तीस दिवस एका पुस्तकावर टिकणं मोठ्यांनाही जड जातं. अशा वेळी पुस्तक बदलू नका, वाटणी बदला: एक प्रकरण पालकानं मोठ्यानं वाचायचं, पुढचं पोरानं मनात. त्याच पानावर न कळलेले शब्दही मोजून घ्या. पाचपेक्षा जास्त निघाले तर ते पुस्तक सध्या ऐकण्याचं आहे, एकट्यानं वाचण्याचं नाही.

मोठ्यानं वाचण्याची नागपुरी अडचण म्हणजे कूलर. त्याच्या आवाजात दहा फुटांवरून वाचलेलं ऐकू जात नाही आणि वाचणाऱ्याचा घसा पाचव्या मिनिटाला बसतो. पंखा कमीवर ठेवून जवळ बसा, नाहीतर ही बैठक रात्री जेवणानंतर गच्चीवर न्या. एका बैठकीला १५ ते २० मिनिटं पुरतात. बाप वाचतावाचता पेंगला तर पोरं ती गोष्ट वर्षभर सांगतात, तेव्हा दुपारच्या जेवणानंतरची वेळ टाळलेलीच बरी.

पहिल्या प्रयोगाला लहान पुस्तक घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची, या कामाला उत्तम. पानं शंभर-सव्वाशेच्या घरात, वाक्यं आखूड. धनगरांच्या वाडीत नेमणूक होऊन आलेला कोवळा मास्तर, वाडीचा कारभारी, तालीम बांधण्याची धडपड आणि शेवटी दुष्काळ. मास्तर स्वतःच पोरवयाचा आहे, त्यामुळे 'चुकणारा मोठा माणूस' आणि 'चुकणारा तरुण' एकाच जागी भेटतात. बारा-तेराच्या पोरांना प्रकाश नारायण संतांचा लंपन द्या: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलाच्या या कथा सुट्या सुट्याही वाचता येतात. बेळगावकडची भाषा आपल्याकडच्या पोरांना पहिली दहा पानं विचित्र वाटते, मग तिचीच गोडी लागते. ज्यांना कोडी आणि पाठलाग हवा त्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलुदा. यात दोघांनी बोलायला फार काही नसतं, हेही खरं. पण वाचायची लय बसवायला ती उपयोगी पडतात, म्हणून तुच्छ लेखू नयेत. 'मला गोष्टीबिष्टी आवडत नाही' म्हणणाऱ्या, यंत्रं उघडून बघणाऱ्या पोराला प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' देऊन बघा: हिमालयात रस्ता खोदणारे इंजिनिअर, दगड, सुरुंग, आणि नियम मोठा की माणूस यावरून उभा राहिलेला पेच. नारळीकरांच्या विज्ञानकथांचंही तसंच. 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करावी.

भाषेचा विचार निघालाच आहे तर वऱ्हाडीचाही करू. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०. कौतिक नावाची बाई मोडत चाललेला संसार ओढत नेते, आणि संवाद सगळे वऱ्हाडीत. ज्या घरात आजी अजून 'काहून' आणि 'इकडे ये ना बे' म्हणते, त्या घरात ही कादंबरी आजीच्या तोंडून ऐकावी. पोरांना आजवर वाटत आलेलं असतं की पुस्तकातलं मराठी पुण्याचंच असतं. छापलेल्या कादंबरीत आपल्या स्वयंपाकघरातली बोली दिसली की काहीतरी बदलतं. वय मात्र सोळाच्या पुढे, कारण त्यातलं दुःख मोकळं होत नाही, साचत जातं. याच वयाला महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आहे, विदर्भातल्याच गावातल्या देशपांड्यांच्या वाड्याचं नाटक. नाटक मनात वाचून अर्धंच कळतं. पात्रं दहाच्या आसपास आहेत; चौघांच्या घरात प्रत्येकानं दोन-तीन घ्यावीत, आणि एक नियम पाळावा: बापानं बापाची भूमिका घ्यायची नाही. आईनं पराग हा मुलगा वाचावा, मुलीनं त्याचा बाप भास्कर. शिकू न दिलेल्या प्रभाचे संवाद ज्याच्या वाट्याला येतात, तो माणूस थोडा वेळ गप्प होतो.

हिंदीची अडवणूक करू नये. हे शहर दोन भाषांत भाजी घेतं आणि दोन भाषांत भांडतं, तर दोन भाषांत वाचायलाही हरकत नसावी. प्रेमचंदांची 'बड़े भाई साहब' ही छोटी कथा ज्या घरात दोन भावंडं आहेत तिथं मोठ्यानं वाचावीच. मोठा भाऊ पाच वर्षांनी मोठा आणि इयत्तेनं तीनच पुढे, अभ्यासावर प्रवचनं देणारा आणि स्वतः नापास होणारा. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पोरांना ती धडा म्हणून ठाऊक असते, त्यामुळे आधी थोडं नाक मुरडतील. मोठ्यांसाठी कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप' आहे. नागपूरच्याच वस्तीतल्या दलित मुलीचं आत्मकथन, लिहिलेलं हिंदीत. दहावीनंतरच्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी एकत्र वाचण्यासारखं.

पुस्तकं आणायची कुठून? झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली स्थापन झालेला, तिथं ग्रंथालय आहे. मेट्रोचं स्टेशन चौकातच असल्यानं तेरा-चौदाचं पोर एकटं जाऊन येऊ शकतं. ही गोष्ट मला पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. कोणत्याही वाचनालयात पोराच्या नावाचं वेगळं कार्ड करा. अनामत आणि वर्गणी पालकांनी भरायची, उशिराचा दंड पोरानं. बापाच्या कार्डावर आणलेलं पुस्तक बापाचंच राहतं.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीच्या सुमारास पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथं निदान एकदा पोराला घेऊन जावं, आपण कोणत्याही समाजाचे असलो तरी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेशी जोडलेली ही गर्दी आहे, आणि त्या गर्दीत माणसं जेवणाच्या पैशातून पुस्तकं घेताना दिसतात. तिथं काय घ्यावं? जाड ग्रंथांनी सुरुवात नको. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे अगदी लहान आत्मकथनपर लेखन आहे. मराठी अनुवादही मिळतात. पहिलाच प्रसंग १९०१ चा. नऊ वर्षांचा मुलगा भाऊ-भाच्यांबरोबर रेल्वेनं वडिलांना भेटायला निघतो. वडिलांना कळवलेलं पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं, स्टेशनवर कुणी घ्यायला येत नाही, आणि जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. पुढचा प्रवास बैलगाडीचा, आणि प्यायला पाणी नाही. तेरा वर्षांच्या पोराला जातीवरचं भाषण नको असतं. त्या गाडीत बसलेली पोरं त्याच्यासारखीच असतात. स्टॉलवर पुस्तक घेताना एवढं पाहा की अनुवादकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापलेलं आहे. नुसत्या उताऱ्यांच्या पुस्तिकाही पुष्कळ असतात.

विकत घेताना आणखी तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, मुखपृष्ठामागचं मुद्रणाचं पान: 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असं लिहिलंय का. अनुवादाच्या नावाखाली तृतीयांशावर आणलेलं पुस्तक पोराला दिलं की त्यातला कंटाळाही जातो आणि जीवही. शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' किंवा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेलं 'तोत्तोचान' घ्यायचं तर अनुवादकाचं नाव बघूनच घ्यावं. दुसरी, पानांचे आकडे. पुस्तक सोळा सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. फुटपाथवरच्या नकली प्रतीत एखादा फर्मा गळलेला किंवा दोनदा आलेला असतो, आणि नेमक्या रहस्याच्या जागी पोर अडकतं. सोळा-सोळा पानांवर अंगठा फिरवून पाहायला एक मिनिटही लागत नाही. तिसरी, बांधणी. मधोमध उघडून दोरा दिसतो का बघा. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक मे महिन्यात गाडीच्या काचेमागे किंवा पश्चिमेच्या खिडकीत राहिलं की कणा तडकतो आणि पानं सुटतात.

फुकट आणि चांगलं हवं असेल तर 'किशोर' आहे. बालभारतीचं हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतं आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आईबाप ज्या वर्षी सातवीत होते त्या वर्षीचा दिवाळी अंक शोधून काढा. त्यातल्या कथेपेक्षा पोरं आधी चित्रं आणि कोडी बघून हसतील. मग कथेकडे येतील.

नाजूक मजकुराचं काय, हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त नववीतली पोरं आहेत, त्यांच्या तोंडी शिव्या आहेत, आणि एका मुलीवरून झुरणं आहे. तेवढ्यावरून पुस्तक लपवणं व्यर्थ. त्यातले सगळे शब्द पोराला शाळेच्या व्हॅनमध्ये ऐकून माहीत असतात. आणीबाणीचा संदर्भ मात्र त्याला माहीत नसतो. तो पाच मिनिटांत सांगा, सहाव्या मिनिटाला थांबा. दया पवारांचं 'बलुतं' किंवा नेमाड्यांची 'कोसला' सतराच्या पुढे, आणि पालकानं आधी वाचलेली असावी. 'कोसला'त बहिणीच्या मृत्यूचा भाग असा आहे की त्या दिवशी घरात कुणीतरी जागं असलेलं बरं. अॅन फ्रँकच्या डायरीची गोष्ट तर याच विषयाची आहे. १९४७ साली ती प्रथम छापली तेव्हा तिच्या वडिलांनीच काही मजकूर वगळला होता, आईबद्दलचे कडवट उद्गार आणि शरीराबद्दलचं लेखन. पुढे विस्तारित आवृत्तीत तो परत आला. बाजारात दोन्ही आवृत्त्यांवरून केलेली पुस्तकं असू शकतात. पंधरा-सोळाच्या मुलीला ही हकीकत सांगा आणि विचारा, बापानं बरोबर केलं का? एवढा एक प्रश्न आख्ख्या पुस्तकाला पुरतो.

वाचून झाल्यावरचं बोलणं बहुतेक घरांत बिघडतं ते "काय शिकलास यातून?" या वाक्यानं. ते ऐकलं की पोर पेपर लिहायला बसतं. "कुठे कंटाळा आला?" असं विचारा, त्याचं उत्तर खरं येतं. आपल्याला कुठे कंटाळा आला तेही सांगा. पालकाची खूण पोराच्या खुणेपुढे एका प्रकरणापेक्षा जास्त जाऊ देऊ नका, आणि गेलीच तर तोंड बंद ठेवा. पुढचं सांगून टाकणारा बाप हा यातला सगळ्यात मोठा शत्रू. शब्दार्थ विचारू नका. पन्नास पानांनंतर पोरानं पुस्तक सोडलं तर सोडू द्या, आणि पालकाचं मन रमलं असेल तर पालकानं ते पूर्ण करावं. घरात कुणीतरी ते शेवटपर्यंत वाचतंय, हे पोर बघत असतं. तीन महिन्यांनी ते पुस्तक गुपचूप त्याच्या उशाशी सापडतं, असंही होतं. होईलच असं नाही.

सहलीला जोडून वाचणं हा एक सोपा उपाय आपल्या हाताशी आहे. नवेगावबांध किंवा नागझिऱ्याला निघायच्या आधी मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' किंवा 'नवेगावबांधचे दिवस' घरात यावं. लेख सुटे आहेत, गाडीत एकेक वाचता येतो. पक्ष्यांची नावं पोरांना अडवतात. ती पाठ करायला लावू नका, तळ्याकाठी दिसला पक्षी तर पुस्तक उघडा.

दहावी-बारावीच्या वर्षात आणि शिकवणीच्या धबडग्यात हे सगळं आखडतं, आणि आखडायलाच हवं. त्या वर्षी कादंबरी सुरू करू नका. दहा-बारा मिनिटांत संपणारं काही ठेवा: लंपनची अर्धी कथा, 'व्यक्ती आणि वल्ली'मधला एक माणूस, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तला एखादा फजितीचा प्रसंग, जो आईनं पोळ्या लाटताना पोराकडून ऐकावा. जाड पुस्तक अर्ध्यावर राहिलं असेल तर कपाटात ठेवताना खूण काढू नका. परीक्षेनंतर ते पुन्हा घ्याल तेव्हा मात्र खुणेपासून सुरू करू नका, दोन प्रकरणं मागे जा. मधल्या दहा महिन्यांत पात्रांची नावं दोघंही विसरलेले असतात.